एक भाग औषध, नऊ भाग पाणी : एका छोट्या हिशेबाची मोठी गोष्ट



वार्षिक अहवाल म्हटला की त्यात तपासलेल्या रुग्णांची संख्या, झालेल्या शस्त्रक्रिया, नवी यंत्रसामग्री आणि जमा-खर्चाचे पत्रक असावयाचेच. ती पाने आपण दरवर्षी आस्थेने वाचता, याची आम्हांस जाणीव आहे. यंदा त्या पानांच्या जोडीला एका साध्या, परंतु रुग्णाच्या जिवाशी थेट निगडित असलेल्या विषयावर चार शब्द लिहावेत असे वाटले. आपण रुग्णालयाच्या दारातून आत पाऊल टाकता तेव्हा एक उग्र वास जाणवतो. तो जंतुनाशकाचा, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणाचा असतो. हे द्रावण कॅनमधून तीव्र स्वरूपात येते आणि पाणी मिसळून ते सौम्य करावे लागते. किती पाणी मिसळावयाचे, हाच या लेखाचा विषय होय.

आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. रसायनशास्त्राशी आमचा संबंध शाळेतच संपला, असे आम्ही बरीच वर्षे समजत होतो. तो समज चुकीचा होता, हे आमच्याच एका निर्णयाने आम्हांस शिकविले. ती हकीकत पुढे येईलच.

आकड्यामागील अर्थ

कॅनवर "१० टक्के" असे लिहिलेले असते. त्याचा अर्थ सर्वसाधारणपणे असा की, १०० मिलीलिटर द्रावणात १० ग्रॅम इतका कामाचा क्लोरिन आहे. या हिशेबाने एका लिटरमध्ये तो १०० ग्रॅम होतो. एक टक्क्याच्या द्रावणात तोच लिटरमागे १० ग्रॅम असतो. शाळेच्या पुस्तकात यांनाच संहत आणि विरल द्रावण म्हटलेले असते.

रुग्णालयात सर्वत्र एकच तीव्रता चालत नाही. फरशी, खाटा, दारांच्या मुठी अशा नेहमीच्या पृष्ठभागांसाठी ०.१ टक्का आणि रक्त सांडलेल्या जागेसाठी ०.५ टक्के, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या कोरोना साथीत केली होती. आपल्याकडील रुग्णालयांत रक्त सांडल्यास तसेच काही प्रकारच्या दूषित साहित्यासाठी १ टक्क्याचे द्रावण वापरण्याची पद्धत रूढ आहे. कॅन मात्र येतो तो १० किंवा ५ टक्क्यांचा. त्यामुळे कॅन उघडल्यापासून पोछा बादलीत बुडेपर्यंत मध्ये एक गणित उभे असते आणि ते दररोज, प्रत्येक पाळीत, प्रत्येक कक्षात करावे लागते.

हिशेब जमा-खर्चाचाच

हे गणित आम्हांस समजले ते आमच्याच भाषेत. ताळेबंदाच्या दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत, हा आमच्या विद्येचा पहिला धडा. येथेही तेच आहे. तीव्र द्रावणातून आपण जेवढा क्लोरिन काढून घेतला, तेवढाच सौम्य द्रावणात जमा झाला पाहिजे. पाणी घातल्याने औषध वाढत नाही आणि कमीही होत नाही. ते केवळ अधिक जागेत पसरते. गृहिणी ताकात पाणी घालते तेव्हा ताक वाढल्यासारखे दिसते, परंतु त्यातील दही तेवढेच राहते.

म्हणून नियम असा :

मूळ तीव्रता × घ्यावयाचे माप = हवी असलेली तीव्रता × तयार करावयाचे माप

समजा, १० टक्क्यांच्या कॅनमधून १ टक्क्याचे १० लिटर द्रावण करावयाचे आहे. उजव्या बाजूस १ गुणिले १०, म्हणजे १०. त्यास मूळच्या १० ने भागले की उत्तर येते १ लिटर. एक लिटर औषध आणि नऊ लिटर पाणी. तेच ०.१ टक्क्याचे १० लिटर हवे असेल तर ०.१ गुणिले १० म्हणजे १. भागिले १०, म्हणजे ०.१ लिटर. शंभर मिलीलिटर औषध आणि बाकी पाणी. चौथी-पाचवीतील मुलासही जमेल असा हा हिशेब आहे आणि म्हणूनच त्याकडे दुर्लक्ष होते.

आमच्या हातून घडलेली चूक

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. खर्चात काटकसर करावी, या सद्हेतूने आम्ही जंतुनाशकाच्या कॅनचे दर मागविले आणि त्यांत सर्वांत कमी दराचा कॅन पसंत केला. विश्वस्तांच्या बैठकीत त्या बचतीचा उल्लेखही केला. पुढे काही आठवड्यांनी संसर्ग नियंत्रणाचे काम पाहणाऱ्या परिचारिका हातात रिकामा कॅन घेऊन आमच्या कार्यालयात आल्या. त्यांनी एवढेच विचारले, "साहेब, कॅन बदललात, पण भिंतीवरचा फलक बदललात का?"

प्रश्न आमच्या लक्षात येण्यास थोडा वेळ लागला. जुना कॅन १० टक्क्यांचा होता, नवा ५ टक्क्यांचा. भिंतीवरील फलकावर मात्र पूर्वीप्रमाणेच "एक भाग औषध, नऊ भाग पाणी" असे लिहिलेले होते आणि कर्मचारी ते निमूटपणे पाळीत होते. ५ टक्क्यांच्या द्रावणात नऊ भाग पाणी घातले की तयार होते ते अर्ध्या टक्क्याचे द्रावण. जेथे १ टक्का हवा होता तेथे इतके दिवस अर्धाच वापरला जात होता. कोणीही आज्ञा मोडली नव्हती, कोणीही कामचुकारपणा केला नव्हता. चूक होती ती खरेदीच्या आदेशावर सही करणाऱ्याची, म्हणजे आमची.

त्या दिवशी आम्ही कक्षात गेलो आणि सफाईचे काम करणाऱ्या मावशींना विचारले, "तुम्हांला काही वेगळे जाणवले होते का?" त्या म्हणाल्या, "वास कमी येत होता, साहेब. म्हणून मी आपली झाकणभर जास्तच टाकत होते." ज्यांना कॅनवरील बारीक अक्षरे वाचता येत नव्हती त्यांच्या नाकाने फरक ओळखला होता, आम्ही कधी विचारले नव्हते, एवढेच. त्या काळातील नोंदी डॉक्टरांनी तपासल्या. त्यामुळे कोणा रुग्णास अपाय झाल्याचे दिसून आले नाही. परंतु नशिबाने साथ दिली, यास व्यवस्था म्हणता येत नाही, हे आम्ही मनाशी पक्के केले.

स्वस्त कॅन महाग कसा पडतो

या प्रसंगाचा दुसरा धडा निव्वळ हिशेबाचा आहे आणि देणगीदारांच्या पैशाचे विश्वस्त म्हणून तो सांगणे आमचे कर्तव्य आहे. समजण्याच्या सोयीसाठी दर कल्पिलेले धरू. पाच लिटरचा १० टक्क्यांचा कॅन २०० रुपयांस आणि तेवढाच ५ टक्क्यांचा कॅन १४० रुपयांस मिळतो. वरवर पाहता दुसऱ्यात ६० रुपये वाचले. परंतु आपण विकत घेतो तो क्लोरिन. पाणी तर नळाला आहेच. पहिल्या कॅनमध्ये क्लोरिन ५०० ग्रॅम आहे, म्हणजे ग्रॅमला ४० पैसे पडले. दुसऱ्यात तो २५० ग्रॅम, म्हणजे ग्रॅमला ५६ पैसे. एक टक्क्याचे १०० लिटर द्रावण करावयास पहिल्याचे १० लिटर लागतील व खर्च ४०० रुपये होईल. दुसऱ्याचे २० लिटर लागतील व खर्च ५६० रुपये होईल. बचत दिसली, कारण आम्ही कमी औषध वापरीत होतो. तेव्हापासून दरपत्रकात लिटरचा दर आणि ग्रॅमचा दर असे दोन रकाने असतात.

यात आणखी एक बारकावा आहे. हायपोक्लोराइट हे टिकाऊ रसायन नव्हे. उष्णता आणि प्रकाश यांनी त्यातील क्लोरिन हळूहळू कमी होतो. आपल्या मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पत्र्याखाली ठेवलेला कॅन काही महिन्यांनी लेबलावर लिहिलेल्या तीव्रतेचा राहील, अशी खात्री देता येत नाही. १० टक्क्यांचा कॅन उतरून ८ टक्क्यांवर आला असेल, तर १ टक्क्याच्या १० लिटरसाठी एक लिटर पुरत नाही; सव्वा लिटर घ्यावे लागते. म्हणून साठा मोठा करू नये, तो थंड व अंधाऱ्या जागी ठेवावा, जुना कॅन आधी वापरावा आणि सौम्य केलेले द्रावण रोजच्या रोज ताजे करावे.

"एकास दहा" म्हणजे नेमके किती?

बोलण्यातील ढिलाई मापात उतरते. "एकास दहा" म्हटले की कोणी एक भाग औषधात नऊ भाग पाणी घालून एकूण दहा भाग करतो, तर कोणी एकात दहा भाग पाणी घालून अकरा करतो. येथे फरक थोडा आहे. १० टक्क्यांच्या द्रावणापासून पहिल्या रीतीने १ टक्का, तर दुसऱ्या रीतीने सुमारे ०.९१ टक्का मिळतो. परंतु "एकास दोन" म्हटले तर पहिल्या रीतीने निम्मी आणि दुसऱ्या रीतीने एक तृतीयांश तीव्रता राहते. म्हणून आपल्या रुग्णालयात आता "एकास अमुक" असे लिहिले जात नाही. "इतके मिलीलिटर औषध घ्या आणि इतक्या लिटरच्या खुणेपर्यंत पाणी भरा", असे स्पष्ट लिहिले जाते.

"खुणेपर्यंत भरा" या शब्दांनाही अर्थ आहे. ९५ टक्क्यांच्या अल्कोहोलपासून ७० टक्क्यांचे एक लिटर करावयाचे असेल, तर १००० गुणिले ७० भागिले ९५, म्हणजे सुमारे ७३७ मिलीलिटर अल्कोहोल घ्यावे लागते. उरलेले २६३ मिलीलिटर पाणी मोजून घातले तर एक लिटर पूर्ण भरत नाही, कारण अल्कोहोल आणि पाणी एकत्र आले की त्यांचे आकारमान थोडे आकसते. म्हणून पाणी मोजण्याऐवजी एक लिटरच्या खुणेपर्यंत भरणे योग्य. आणि येथे अधिक तीव्र म्हणजे अधिक गुणकारी असेही नाही. अल्कोहोलला जंतूंवर नीट काम करण्यास थोडे पाणी लागते. म्हणूनच ९५ टक्क्यांपेक्षा ७० टक्क्यांचे अल्कोहोल जंतुनाशक म्हणून सरस ठरते.

तिसरी गफलत नावाची. गाठीचा तुकडा तपासणीस पाठविताना तो "१० टक्के फॉर्मलिन"मध्ये ठेवतात. बाजारातील फॉर्मलिन हेच मुळी सुमारे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइडचे द्रावण असते. त्याचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग, म्हणजे १० टक्के फॉर्मलिन. त्यात फॉर्माल्डिहाइड असते ते सुमारे ४ टक्के. टक्के कशाचे, हे विचारल्याशिवाय कोणताही आकडा वाचू नये, हा त्यातील बोध.

जास्त म्हणजे चांगले नव्हे

कमी तीव्रतेचा धोका आता लक्षात आला. मग थोडे जास्तच टाकले तर बिघडले कोठे, असे सहज वाटते. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या जखमा चिघळत असताना हेन्री डेकिन हे इंग्रज रसायनशास्त्रज्ञ आणि ॲलेक्सिस कॅरेल हे फ्रेंच शल्यविशारद यांनी याच हायपोक्लोराइटचे द्रावण जखमा धुण्यासाठी वापरात आणले. त्याची तीव्रता ०.४५ ते ०.५ टक्के इतक्या अरुंद पट्ट्यात ठेवावी लागे. त्याहून कमी असेल तर जंतूंवर पुरेसा परिणाम होत नसे आणि त्याहून अधिक असेल तर दाह होई. शंभर वर्षांपूर्वीचा हा अनुभव आजही तितकाच खरा आहे.

तीव्र द्रावणाने कर्मचाऱ्यांच्या हातांची त्वचा सोलवटते, डोळे चुरचुरतात, दम्याच्या रुग्णास धाप लागते आणि खाटांचे लोखंड गंजते. २०२० साली देशात काही ठिकाणी चक्क माणसांच्या अंगावर जंतुनाशकाची फवारणी झाली. असे करू नये, ते शरीरास अपायकारक आहे, असे केंद्रीय आरोग्य मंत्रालयास त्याच वर्षीच्या एप्रिल महिन्यात सांगावे लागले. घरी वापरणाऱ्यांसाठी आणखी एक सूचना : संडास धुण्याच्या ॲसिडमध्ये हे द्रावण कधीही मिसळू नये. त्यातून क्लोरिन वायू बाहेर पडतो आणि बंद न्हाणीघरात तो जीवघेणा ठरू शकतो.

आपल्या जिल्ह्यातील शेतकरी कुटुंबांस हे वेगळे सांगावयास नको. सोयाबीन, कापूस, हळद पिकविणारे हात फवारणीच्या पंपामागे किती मिलीलिटर औषध घालावयाचे, हे गणित दरवर्षी करतात. आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी व शेतमजूर दगावले. त्यामागील कारणे अनेक होती. परंतु औषधाचे माप आणि हाताळणी ही क्षुल्लक बाब नाही, हे त्या घटनेने सर्वांच्याच मनावर कोरले आहे.

गावची विहीर

हाच हिशेब रुग्णालयाच्या भिंतीबाहेरही उपयोगी पडतो. पावसाळ्यात कयाधू, पूर्णा आणि पैनगंगा या नद्यांकाठच्या गावांतून जुलाब-उलट्यांचे रुग्ण आले की आम्ही नातेवाइकांस पहिला प्रश्न विचारतो तो पाण्याचा. गावात टी.सी.एल. पावडर, म्हणजे ब्लिचिंग पावडर, पुष्कळदा असते. परंतु ती मूठभर टाकली जाते, मोजून नव्हे.

मोजण्याची रीत अशी. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये घ्यावी. व्यास गुणिले व्यास गुणिले खोली गुणिले ३.१४ करून त्यास ४ ने भागावे. उत्तर घनमीटरमध्ये येते. चार मीटर व्यास आणि पाच मीटर पाणी असेल तर ६२.८ घनमीटर, म्हणजे ६२,८०० लिटर पाणी झाले. दर हजार लिटरला सुमारे अडीच ग्रॅम चांगल्या प्रतीची पावडर, या मानाने १५७ ग्रॅम लागतील. चांगल्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरिन असतो; म्हणजे त्यात क्लोरिन आला सुमारे ५२ ग्रॅम, आणि तो पसरला ६२,८०० लिटरमध्ये. लिटरमागे एक मिलीग्रॅमही नाही. शंभरात तेहतीस भागांपासून दहा लाखांत एका भागाहूनही कमी, इतके हे सौम्यीकरण आहे आणि तेवढ्यावर गावचे पाणी निर्धोक होते.

पावडर कोरडी विहिरीत टाकू नये. बादलीत थोड्या पाण्यात तिची पेस्ट करावी. एका बादलीत १०० ग्रॅमपेक्षा अधिक घेऊ नये, म्हणजे वरील विहिरीस दोन बादल्या लागतील. मग बादली पाऊण भरून ढवळावी आणि पाच-दहा मिनिटे चुना तळाशी बसू द्यावा. वरची निवळी दुसऱ्या बादलीत ओतून ती दोराने पाण्याखाली सोडावी आणि वर-खाली, आडवी-उभी हलवावी. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू नये. पाण्यात क्लोरिन उरला आहे की नाही, हे ओ.टी. चाचणीत येणाऱ्या पिवळ्या रंगावरून ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक पाहू शकतो. पाणी गढूळ असेल अथवा पावडर जुनी असेल, तर हिशेबाने आलेले माप कमी पडते. म्हणून चाचणी टाळू नये.

आता काय बदलले

आमच्या चुकीनंतर जी पद्धत बसविली ती साधी आहे. नवा कॅन भांडारातून निघताना भांडारपाल त्याची तीव्रता आणि तारीख मोठ्या अक्षरांत लिहितो. त्यानुसार फलकावरील माप परिचारिका बदलते आणि त्याखाली दोघांची सही होते. प्रत्येक कक्षात खुणा केलेले मोजपात्र आणि खुणेची बादली आहे. झाकणाने मोजणे बंद झाले. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी खुणा रंगीत केल्या आहेत. तयार द्रावण अधूनमधून तपासपट्टीने पाहिले जाते. पृष्ठभाग आधी साध्या पाण्याने स्वच्छ करावा, कारण घाण क्लोरिन खाऊन टाकते. आणि द्रावण किमान दहा मिनिटे राहू द्यावे, हेही सर्वांस शिकविले आहे. आणि मावशींस वास कमी-अधिक वाटला, तर त्यांनी थेट आमच्याकडे यावे, असा निरोप आहे. त्या येतात.

देणगीदारांच्या उदार हस्तांनी या रुग्णालयात खाटा आल्या, यंत्रे आली. त्यांवर आपली नावे आदराने कोरलेली आहेत. मोजपात्रावर मात्र नामफलक लावता येत नाही आणि तपासपट्टी तर वापरून टाकून द्यावयाची. तरीही आपल्या देणगीतील काही रुपये दरवर्षी या वस्तूंवर खर्च होतात, हे आपणास ठाऊक असावे म्हणून हा लेखनप्रपंच. आपल्या आप्तास भेटावयास याल तेव्हा भिंतीवरील तो फलक अवश्य वाचावा. त्यावरील माप आणि कॅनवरील आकडा जुळत नाही असे दिसले, तर संकोच न करता विचारावे. आमचा ताळेबंद तपासण्याचा जेवढा आपणास अधिकार आहे, तेवढाच हाही हिशेब तपासण्याचा आहे.